टंचाईच्या वर्षी शहराचे पाणी जुलैअखेरपर्यंत कसे पुरवावे

दरवर्षी क्रम उलटा लागतो. डिसेंबरात धरण निम्मे असते तेव्हा कुणी बोलत नाही. मार्चमध्ये बैठक होते, एप्रिलमध्ये ‘एक दिवसाआड’ जाहीर होते, मे महिन्यात टँकर लागतात आणि जूनमध्ये धरणाच्या पात्रात चर खोदायला पोकलेन शोधत फिरावे लागते. कामे सगळी होतात, पण शेवटची आधी आणि आधीची शेवटी. मी तीस-पस्तीस हजार ते लाख-दीड लाख वस्तीच्या नगरपालिकांत पाणीपुरवठ्याचे काम केले. तिथे जे चुकताना पाहिले (आणि जे मी स्वतः चुकवले) ते इथे क्रमवार मांडतो. हे अभियंत्यांसाठी आहे, आपल्या वॉर्डातल्या पाण्याचा जाब विचारणाऱ्या नागरिकांसाठीही आहे.

## तयारी : टेबलावर काय असले पाहिजे

पुढची प्रत्येक पायरी चार गोष्टींवर उभी आहे. त्या नसतील तर आधी आठवडाभर त्याच गोळा करा.

धरणाचा क्षमता तक्ता. पाण्याच्या अमुक पातळीला साठा किती आणि पाण्याखालचे क्षेत्र किती, हे सांगणारा. जलसंपदा विभागाच्या शाखा कार्यालयात मिळतो. बऱ्याच ठिकाणी तो धरण बांधतानाचा असतो. पुढे गाळ साचून तळ वर आलेला असतो, त्यामुळे तळाकडच्या आकड्यांवर डोळे झाकून विसंबू नका.

प्रत्यक्ष उपसा. पंपाच्या पाटीवरचा आकडा गुणिले तास असा हिशेब करू नका. दहा वर्षे चाललेला पंप पाटीइतके पाणी देत नाही. फ्लो मीटर चालू असेल तर उत्तम. बंद असेल, आणि बहुधा असतोच, तर शुद्धीकरण केंद्रातली मापाची टाकी किती मिनिटांत भरते ते घड्याळ लावून बघा.

टाकीवार जोडण्या. कोणत्या उंच टाकीवर किती घरे, किती सोसायट्या, किती दवाखाने, किती हॉटेले.

व्हॉल्व्हचा नकाशा. तो कागदावर कमी आणि व्हॉल्व्हमनच्या डोक्यात जास्त असतो. आमच्याकडचे एक जुने व्हॉल्व्हमन निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात मला सायकलवरून गावभर घेऊन फिरले. एका पिठाच्या गिरणीसमोर थांबून म्हणाले, “सायेब, हितं पायरीखाली व्हॉल्व्ह हाय. पायरी फोडल्याबिगर घावायचा न्हाई.” तो व्हॉल्व्ह कुठल्याही नकाशात नव्हता आणि अर्धी पेठ त्याच्यावर होती. तुमच्याकडच्या व्हॉल्व्हमनला सोबत घेऊन दोन दिवस फिरा, प्रत्येक व्हॉल्व्हचा फोटो काढा आणि तो किती आट्यांचा आहे (पूर्ण उघडायला चाकाचे किती फेरे लागतात) हे लिहून ठेवा. कपात सुरू झाली की हीच वही रोज लागते.

## पायरी १ : साठ्याचा हिशेब, बाष्पीभवन धरून

सगळ्यात मोठी चूक इथे होते आणि ती साध्या भागाकाराची आहे. एक नमुना हिशेब करू. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, तुमचे तुम्ही भरा.

१ डिसेंबरला उपयुक्त साठा ३.५ दशलक्ष घनमीटर, म्हणजे ३५० कोटी लिटर. शहराचा रोजचा उपसा १२० लाख लिटर, म्हणजे १२,००० घनमीटर. भागाकार केला तर २९१ दिवस येतात. म्हणजे सप्टेंबरच्या मध्यापर्यंत निवांत. बैठकीत हाच आकडा वाचला जातो आणि चहा येतो.

आता बाष्पीभवन धरा. एक हेक्टर पाण्यावरून एक मिलिमीटर पाणी उडाले की १० घनमीटर, म्हणजे दहा हजार लिटर गेले. तलावाचा पसारा आठ महिन्यांत सरासरी ८० हेक्टर आणि बाष्पीभवन सरासरी रोज ६ मिलिमीटर धरले, तर रोज ४,८०० घनमीटर उडतात. शहर पिते त्याच्या ४० टक्के! जुलैअखेरपर्यंतच्या २४३ दिवसांत ११ लाख ६६ हजार घनमीटर नुसते हवेत. उरतात सुमारे २३ लाख ३३ हजार. त्याला २४३ ने भागा, तर रोज ९६ लाख लिटर. म्हणजे कपात डिसेंबरातच हवी आणि ती २० टक्के हवी.

उशीर किती महाग पडतो तेही काढू. १ फेब्रुवारीपर्यंत काहीच केले नाही, तर उरलेल्या दिवसांना रोज ८८ लाख लिटर येतात. १ मेपर्यंत थांबलात, तर ५७ लाख. म्हणजे निम्म्याहून कमी, तेही ऐन उन्हाळ्यात. डिसेंबरात पाचवा हिस्सा सोडायचा की मे महिन्यात अर्धा गमवायचा, एवढाच प्रश्न आहे. बैठकीत हे तीन आकडे फळ्यावर लिहा. भाषण करावे लागत नाही.

हिशेब जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत करू नका. पाऊस जूनमध्ये सुरू झाला तरी पहिले पाणी तापलेली जमीन पिते. ओढ्याला पाणी येऊन ते धरणात साचायला वेळ लागतो. जुलैअखेर ही किमान मुदत धरा.

> तपासा : दर सोमवारी सकाळी धरणाची पातळी स्वतःच्या माणसाकडून मोजून घ्या आणि हिशेबातल्या पातळीशी ताडा. साठा हिशेबापेक्षा वेगाने घटत असेल, तर काठावरच्या शेतीपंपांचा उपसा वाढला असे समजा. पिण्यासाठी पाणी आरक्षित करण्याचा आदेश जिल्हाधिकाऱ्यांकडून आधीच निघालेला असेल, तरच त्या मोटारी बंद करायला कुणी येते.

## पायरी २ : कपातीआधी गळती

लोकांचे पाणी कमी करायचे आणि टाकीखालच्या खड्ड्यात कायम बेडूक ओरडत असायचे, असे चालत नाही. कपात जाहीर होण्याआधीचे तीन आठवडे गळतीला द्या. सगळी गळती निघणार नाही. मोठी निघते.

१. टाकीची रात्रीची चाचणी. रात्री एक वाजता टाकीत येणारे आणि जाणारे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करा. पातळी लिहा. चार वाजता पुन्हा लिहा. १६ मीटर व्यासाच्या टाकीत एक सेंटिमीटर म्हणजे साधारण २,००० लिटर. तीन तासांत पातळी १५ सेंटिमीटर उतरली, तर तासाला दहा हजार लिटर जात आहे. एक तर टाकी गळते, नाही तर व्हॉल्व्ह ‘पास’ होतो. बहुतेक वेळा व्हॉल्व्हच असतो: चाकाचा दांडा फिरतो, पण आतली पाटी पूर्ण बसत नाही. खर्च थोडा आणि फायदा रोजचा, म्हणून सुरुवात इथून.

२. मुख्य वाहिनी पायी चाला. धरणापासून शुद्धीकरण केंद्रापर्यंतची वाहिनी जीपमधून बघू नका. एअर व्हॉल्व्हजवळ (वाहिनीतली हवा बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह) हिरवे गवत, एअर व्हॉल्व्हवर कुणी बसवलेला पाइप, वाहिनीच्या कडेला उन्हाळ्यात तरारलेली कडवळ. हे सगळे पायीच दिसते. एअर व्हॉल्व्ह मुद्दाम सैल करून पाणी घेणारे असतात. व्हॉल्व्ह नुसता आवळून येऊ नका, दुसऱ्या दिवशी तो परत सैल होतो. त्या वस्तीला रीतसर एक स्टँडपोस्ट, म्हणजे सार्वजनिक नळ द्या. एरवी जाणाऱ्या पाण्याच्या मानाने तो स्वस्त पडतो.

३. टाक्यांचा ओव्हरफ्लो. पहाटे टाकी भरून वाहते आणि ऑपरेटर झोपलेला असतो. पातळी दाखवणारी साधी यंत्रणा किंवा फ्लोट (टाकी भरली की पाणी बंद करणारा तरंगता गोळा) लावा.

४. वितरणातल्या गळत्या. या सर्वांत जास्त आणि सर्वांत चिवट. ज्या गल्लीत गटारातून नळजोडण्या गेल्या आहेत, ती गल्ली पहिली घ्या. कारण पायरी ६ मध्ये आहे.

शुद्धीकरण केंद्रातले फिल्टर धुतल्यावरचे पाणी ओढ्यात सोडत असाल, तर ते निवळवून पुन्हा कच्च्या पाण्यात घेता येते. अशी सोय नसेल तर टंचाईचे वर्ष तिला मंजुरी मिळवायला बरे. एरवी ती फाईल हलत नाही.

## पायरी ३ : धरणाच्या तोंडाशी आधीच तजवीज

पातळी उतरत जाते तशी जॅकवेलची (धरणातून पाणी उपसण्याची विहीर) वरची झडप उघडी पडते, मग मधली, मग खालची. पुढे पाणी आहे, पण जॅकवेलपासून दूर, तळाच्या डबक्यात. तिथून ते आणायचे दोन मार्ग: पात्रात चर खोदून पाणी जॅकवेलपर्यंत आणणे, किंवा तराफ्यावर पंप बसवणे. दोन्हींना निविदा, वीजजोडणी आणि मशीन लागते. पायरी १ च्या हिशेबात खालची झडप कोणत्या तारखेला उघडी पडेल ते दिसते. त्या तारखेच्या दोन महिने आधी कार्यादेश निघाला पाहिजे.

पात्र थोडे तरी ओले असताना चर खोदू नका, पोकलेन रुतते. आमचे एकदा रुतले आणि ते काढायला दुसरे आणावे लागले. तलाव आटत जाईल तसे कोरड्या पडलेल्या भागाची पातळी आधीच घेऊन चराची रेषा आखून ठेवा.

> सावधान : मृतसाठ्यातले (सर्वांत खालच्या झडपेखाली उरलेले) पाणी हे वरच्या पाण्यासारखे नसते. गढूळपणा, शेवाळ आणि कुजका वास वाढतो. तुरटीची मात्रा जुन्या सवयीने देऊ नका. रोज जार टेस्ट (भांड्यांत वेगवेगळी मात्रा घालून योग्य ती ठरवण्याची चाचणी) घ्या. क्लोरीनही जास्त खाल्ले जाते. तुरटी आणि टीसीएल (ब्लीचिंग पावडर) यांचा उन्हाळ्याचा साठा फेब्रुवारीतच मागवा.

## पायरी ४ : जुन्या विहिरी आणि बोअर

गावात पूर्वी वापरात असलेल्या सार्वजनिक विहिरींची यादी काढा. बऱ्याच कचऱ्याने भरलेल्या सापडतील. उपसणे, गाळ काढणे, कठडा बांधणे हे जानेवारीत करा.

विहिरीत पाणी दिसते म्हणजे ती पाणी देते असे नाही. चार तास उपसा करा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी किती वर आले ते मोजा. भरून आले तेवढेच तुमचे. जानेवारीत चांगली वाटलेली विहीर एप्रिलमध्ये पुन्हा तपासा. नव्या बोअरसाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा सल्ला घ्या. नगरसेवकाने बोट दाखवलेल्या जागी बोअर घेतली की ती सहसा कोरडी निघते (माझा अनुभव एवढाच सांगतो). सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नव्या खासगी विहिरींवर कायद्याचे बंधन आहे, त्याची अंमलबजावणी तहसीलदारांकडून मागून घ्या. खासगी विहीर अधिग्रहित करायची, तर तोही मार्ग तहसीलमधूनच जातो.

पाणी प्रयोगशाळेत पाठवा. क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगले आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेता येतात, पण नायट्रेट ४५ च्या वर आणि फ्लोराइड १.५ च्या वर गेले तर ते पिण्यासाठी नको. ते टाकीत मिसळून ‘पातळ’ करण्याचा मोह टाळा. वापराच्या पाण्याचा वेगळा स्टँडपोस्ट द्या आणि तसे ठळक लिहा.

## पायरी ५ : कपात, तासांची की दिवसांची?

इथे थोडे थांबून वाचा, कारण गोंधळ इथेच सर्वांत जास्त आहे.

घरांना हात लावण्याआधी क्रम असा ठेवा: नगरपालिकेच्या बागा, कारंजी आणि पोहण्याचे तलाव, मग वाहने धुण्याची सेंटरे, मग बांधकामे, ज्यांना सांडपाणी प्रक्रिया केंद्राचे पाणी देता येते, मग हॉटेले आणि मंगल कार्यालये. घरे त्यानंतर. रुग्णालयांची यादी वेगळी काढा आणि कपातीतून वगळा. एका वेळच्या डायलिसिसला १२० लिटरच्या आसपास खास शुद्ध केलेले पाणी लागते. ते एक दिवसाआड करता येत नाही.

आता घरांची कपात. तास कमी करायचे की दिवस? दोन्ही बाजूंनी ठाम मते ऐकायला मिळतात. पण हे मतावर नाही, नळीवर ठरते.

व्हॉल्व्ह उघडल्यावर त्या भागातल्या शेवटच्या घरी पाणी किती मिनिटांनी पोहोचते ते मोजा. समजा २५ मिनिटे लागतात आणि पाणी तासभर सोडले जाते. तोंडाशी असलेल्या घराला ६० मिनिटे मिळतात, शेवटच्याला ३५. आता तुम्ही ‘सर्वांना सारखी’ कपात म्हणून पाणी ४० मिनिटे सोडले. तोंडाशी ४० मिनिटे, म्हणजे तिसरा हिस्सा गेला. शेवटी १५ मिनिटे, म्हणजे ५७ टक्के गेले. आदेश एकच, पण शेवटच्या गल्लीला जवळपास दुप्पट मार बसला. मोर्चा त्याच गल्लीतून येतो आणि तेव्हा ‘विघ्नसंतोषी’ म्हणून सगळे मोकळे होतात.

म्हणून माझा नियम असा. शेवटच्या घराला निदान अर्धा तास मिळत राहील इथपर्यंतच तास कमी करा. त्यापेक्षा जास्त कपात लागणार असेल तर तास पूर्ववत करा आणि दिवस कमी करा. दोन्ही एकाच वेळी करू नका. कपातीच्या काळात जमेल तिथे पाणी टोकाच्या बाजूने सोडा: आधी टोकाकडच्या भागाचा व्हॉल्व्ह, मग जवळच्यांचा. तोंडाशी जोर जास्त येत असेल, तर तिथला व्हॉल्व्ह आटे मोजून कमी उघडा. स्लूस व्हॉल्व्ह (वर-खाली सरकणाऱ्या पाटीचा) अर्धवट उघडा ठेवण्यासाठी बनलेला नसतो, पाटी झिजते आणि तो पुढे ‘पास’ होऊ लागतो. कायम दाबायचा असेल तर बटरफ्लाय व्हॉल्व्ह बसवा.

दिवसाआड कपातीचा एक चोर दरवाजा आहे तो आपल्या सवयीत. एका वाड्यात पाण्याच्या वेळी उभा होतो. नळाला पाणी आले तसे एका आजींनी परवा भरलेली दोन पिंपे अंगणातल्या नाल्यात रिकामी केली. विचारले तर म्हणाल्या, “आज नळ आलाय ना बाळा, शिळं पाणी कशाला ठेवायचं?” पंधरा हजार घरांनी फक्त वीस-वीस लिटर असे ओतले, तर एका पाळीला तीन लाख लिटर गटारात. दिवसाआड पाणी दिले आणि खप निम्मा झाला नाही, असे दिसले की पहिला संशय या शिळ्या पाण्यावर घ्या. लोकांना सांगायचे ते असे: झाकलेले पाणी शिळे होत नाही. आठवड्यातून एकदा पिंप घासून कोरडे करा, कारण डेंग्यूच्या डासाची अळी सात-आठ दिवसांत डास होते. पण त्या दिवशीचे पाणी फरशीला, संडासाला, झाडाला. नाल्यात नाही.

नळाला थेट मोटार लावून पाणी खेचणे ही दुसरी गळती. पथक नेमा, पहिल्यांदा नोटीस, दुसऱ्यांदा मोटार जप्त. पथक त्या वॉर्डातल्याच माणसांचे नको. पाण्याच्या वेळी वीज बंद ठेवण्याचा उपाय काही ठिकाणी करतात. उपयोग होतो, पण त्या भागात दवाखाना असेल तर विचार करून.

> सावधान : भुयारी गटार असलेल्या शहरासाठी माणशी रोज १३५ लिटर हे मानक आहे, नसलेल्या शहरासाठी ७०. भुयारी गटार असताना पुरवठा फार खाली नेला, तर वाहिन्यांत मैला साचून त्या तुंबतात. गटार साफ करणाऱ्या गाड्यांचे वेळापत्रक कपातीबरोबरच वाढवा.

> तपासा : वेळापत्रक जाहीर झाले की दोन आठवडे ते बदलू नका. लोक वेळेची खात्री असेल तर कमी साठवतात. वेळ बेभरवशाची झाली की घरातले प्रत्येक भांडे भरले जाते आणि खप वाढतो.

## पायरी ६ : शुद्धता, कारण कपातीबरोबर कावीळ येते

नळीत पाणी दाबाखाली असते तोवर गळतीतून पाणी बाहेर येते. पुरवठा बंद झाला की नळी रिकामी होते, आत पोकळी तयार होते आणि त्याच भोकातून बाहेरचे पाणी आत ओढले जाते. जोडणी गटारातून गेली असेल, तर ते बाहेरचे पाणी म्हणजे गटार. जितक्या वेळा बंद-चालू, तितक्या वेळा हे. म्हणून दिवसाआड पुरवठ्याच्या गावात गॅस्ट्रो आणि कावीळ निघते, आणि दोष शुद्धीकरण केंद्राला दिला जातो.

करायचे ते असे. शेवटच्या नळावर मोकळे (जंतू मारायला शिल्लक असलेले) क्लोरीन लिटरला ०.२ मिलिग्रॅम मिळालेच पाहिजे. नमुना टाकीखाली घेऊन समाधान मानू नका. ओटी टेस्टचा (थेंब टाकून क्लोरीन दाखवणारी चाचणी) रंग लगेच पाहायचा; पाच मिनिटांनी जास्त पिवळे दिसते ते मोकळे क्लोरीन नसते. ही चूक मी प्रशिक्षित माणसांकडूनही होताना पाहिली आहे. एखाद्या गल्लीत रंगच येत नसेल, तर मात्रा वाढवत बसू नका. तिथे जोडणी फुटलेली आहे, खणा.

लोकांना सांगा: नळ आल्यावरचे पहिले पाच-दहा मिनिटांचे पाणी पिण्यासाठी भरायचे नाही, वापरासाठी भरायचे.

## पायरी ७ : टँकर शेवटी

टँकरने शहर चालत नाही, हे आधी मनाशी पक्के करा. २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडे पडले तेव्हा लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. पहिल्या गाडीत १० वाघिणी होत्या, पाच लाख लिटर. पुढे ५० वाघिणींची गाडी आली, २५ लाख लिटर. चार लाखांच्या आसपास वस्तीच्या शहरात ते माणशी सहा लिटर भरते. पिण्यापुरते. एवढी मोठी आगगाडी लावूनही. टाक्यांपाशी गर्दी आवरायला तिथे जमावबंदी लावावी लागली होती, हेही लक्षात ठेवा; भरण्याची जागा आणि वाटपाची जागा दोन्हीकडे माणूस हवा.

टँकर लावायचेच तर:

भरण्याची जागा एकच ठेवा, तिला मीटर बसवा. खेपांची नोंद भरताना एकाने आणि रिकामा करताना त्या गल्लीतल्या दोन रहिवाशांनी सहीनिशी करावी. मीटरचे लिटर आणि वहीतल्या खेपा आठवड्याला जुळवा. कागदावरच्या खेपा इथेच सापडतात. जीपीएस असले तरी ही वही सोडू नका. गाडी जागेवर गेली हे जीपीएस सांगते, भरलेली गेली हे सांगत नाही.

दहा हजार लिटरच्या टँकरला ताजी टीसीएल पावडर साधारण ६० ते ७० ग्रॅम पुरते. कोरडी पावडर वरून टाकू नका. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या आणि वरची निवळी भरतानाच ओता, म्हणजे ती मिसळते. अर्ध्या तासाने तपासा, ०.५ च्या आसपास मोकळे क्लोरीन हवे. मागच्या वर्षीची उघडी पडलेली पोती वापरू नका, त्यांचा जोर गेलेला असतो.

टँकरमधून थेट विहिरीत पाणी सोडून लोकांना पोहऱ्याने काढायला लावू नका. प्लास्टिकच्या टाक्या ठेवा, त्यांना तोट्या लावा.

## पायरी ८ : घर आणि सोसायटी

सोसायटीच्या सचिवांसाठी थोडक्यात, कारण यातले बरेच वर येऊन गेले.

पहिली गोष्ट तुमच्या दोन्ही टाक्यांचे फ्लोट. जमिनीखालच्या टाकीचा फ्लोट अडकला की पाणी रात्रभर ड्रेनेजमध्ये जाते आणि कुणाला दिसत नाही. वरच्या टाकीचा ओव्हरफ्लो पाइप वॉचमनला दिसेल अशा जागी आणा. दुसरी गोष्ट फ्लश. टाकीत चिमूटभर हळद टाका. अर्ध्या तासात भांड्यात पिवळे आले तर आतले रबर गळते आहे. सेकंदाला एक थेंब गळणारी तोटी दिवसाला वीसेक लिटर घालवते. आरओ यंत्र जितके पाणी शुद्ध करते त्याच्या दुप्पट-तिप्पट बाहेर टाकू शकते. ती नळी बादलीत सोडा आणि फरशी, संडास यांना वापरा, झाडांना रोज नको, क्षार जास्त असतात.

सोसायटीत पाणी वाटताना फ्लॅटवार मीटर नसेल, तर वरच्या टाकीतून सकाळ-संध्याकाळ ठरावीक वेळ सोडा. मात्र वेळ पाळा. केपटाऊनने २०१८ च्या फेब्रुवारीपासून माणशी रोज ५० लिटरची मर्यादा घातली होती. ती अंघोळ, स्वयंपाक, भांडी, एखाद-दुसरा फ्लश यात कशी बसवायची हे घरी एक दिवस बादल्या मोजून करून बघा. फ्लश सर्वांत जास्त खातो हे दुपारपर्यंतच कळते.

## पायरी ९ : पाऊस आल्यावर

पहिल्या वळवाला हारतुरे घेऊन धरणावर जाऊ नका. कपात उठवण्याची अट तारखेची नको, साठ्याची हवी: अमुक पातळी आली की अमुक टप्पा शिथिल. ती अट डिसेंबरातच ठरावात लिहून घ्या, म्हणजे जूनमध्ये कुणाच्या आग्रहाखातर बदलावी लागत नाही.

पहिल्या पुराचे पाणी अतिशय गढूळ येते. तुरटीची मात्रा काही तासांत बदलत जाते, म्हणून जार टेस्ट दर पाळीला घ्या. ज्या वाहिन्या महिनोन् महिने अर्ध्या रिकाम्या होत्या, त्या हळूहळू भरा. व्हॉल्व्ह एकदम पूर्ण उघडलात तर अडकलेली हवा जुनी सांधणी फोडते. आधी एअर व्हॉल्व्ह साफ, मग चौथाई आटे, तासाभराने निम्मे. वॉशआउटवरून (वाहिनी धुऊन काढण्याचे तोंड) तांबूस पाणी जाऊ द्या, ते निवळल्यावर क्लोरीन तपासा आणि मगच घरांकडचे व्हॉल्व्ह उघडा. उघडताना आट्यांची वही हातात असू द्या. कपातीत कुठला व्हॉल्व्ह किती दाबला होता हे तिच्यात नसेल, तर दिवाळीतही एखाद्या गल्लीतून तक्रार येत राहते की पाण्याला जोर नाही, आणि कुणाच्याच लक्षात येत नाही की मार्चमध्ये सहा आटे बंद केलेला व्हॉल्व्ह अजून तसाच आहे.